जुन्या मोटारीला ‘ऑटोमॅटिक’ गिअर : हौस, यंत्र आणि कायदा

मुंबई (प्रतिनिधी) : कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात तयार झालेली फियाट असो वा उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर, ज्यांनी या मोटारी वर्षानुवर्षे जिवापाड जपल्या, त्यांचे वयही आता गाडीबरोबर वाढले आहे. गाडी धडधाकट आहे. परंतु शहरातील वाहतूक कोंडीत पदोपदी क्लच दाबताना डावा गुडघा साथ देत नाही. मग एक प्रश्न हमखास पुढे येतो : या गाडीला ऑटोमॅटिक गिअर बसविता येईल का? तांत्रिकदृष्ट्या बहुतेक वेळा येतो. मात्र तो बसवावा की नाही, हे गाडी कोणती, तोडफोड किती आणि कागदपत्रांचे काय, या तीन गोष्टींवर अवलंबून असते.

क्लच काढून भागत नाही

साध्या गाडीत इंजिनाच्या मागे फ्लायव्हील हे जड चाक असते आणि त्याला चिकटून क्लच प्लेट. पेडल दाबले की प्लेट सुटते आणि इंजिनाचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो. ऑटोमॅटिक गाडीत हे काम ‘टॉर्क कन्व्हर्टर’ करतो. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरचे तत्त्व हेच आहे. फक्त वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिन एक पाते फिरविते, ते तेलाला गती देते आणि ते तेल गिअरबॉक्सकडचे पाते फिरविते. गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही, कारण दोन्ही पाती एकमेकांना घट्ट जोडलेली नसतात.

या सोयीची किंमत मोजावी लागते. मागचे पाते पुढच्यापेक्षा थोडे संथ फिरते आणि तेवढी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. १९६०च्या दशकातील बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तीन गतींचे होते. मोठ्या अमेरिकन इंजिनांना हा भार जाणवत नसे. प्रीमिअर पद्मिनीचे इंजिन मात्र अवघे १०८९ घनसेंटिमीटरचे. चार माणसे बसवून घाट चढताना त्याला हा तोटा चांगलाच जाणवेल.

तेल तापते, म्हणून ते थंड करण्यासाठी नळ्या टाकून वेगळा कूलर बसवावा लागतो. जड फ्लायव्हील काढून पातळ पोलादी तबकडी लावावी लागते. गिअरबॉक्सची लांबी बदलल्याने त्याला खालून पेलणारा आडवा दांडा सरकवावा लागतो आणि प्रोपेलर शाफ्ट लांब-आखूड करून पुन्हा ‘बॅलन्स’ करावा लागतो. स्पीडोमीटरची केबल आणि ॲक्सिलरेटरला जोडलेली ‘किकडाऊन’ची केबलही जुळवावी लागते. गिअर न्यूट्रल किंवा पार्किंगमध्ये असल्याखेरीज इंजिन सुरू होऊ न देणारा स्विच तर टाळताच येत नाही. तो नसेल, तर किल्ली फिरविताच गाडी पुढे झेपावू शकते.

उतारावरचा फरकही ध्यानात घ्यायला हवा. साध्या गिअरमध्ये खालचा गिअर टाकला की इंजिनच गाडीला आवर घालते. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये हा आधार कमी मिळतो आणि भार ब्रेकवर येतो. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेकच आहेत. त्यामुळे गिअरबॉक्स बदलण्याआधी ब्रेक तपासणे शहाणपणाचे. शिवाय बॅटरी उतरली तर अशी गाडी सहसा धक्का मारून सुरू होत नाही.

कारखान्याने वाट ठेवली आहे का?

हे काम सर्वांत सुलभ होते ते कारखान्यानेच दोन्ही प्रकार विकलेल्या गाड्यांत. १९६४ मध्ये आलेली फोर्ड मस्टँग हे त्याचे ठळक उदाहरण. साध्या गिअरबरोबरच तिला ‘सी-४’ हा तीन गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही मिळत असे. त्यामुळे अमेरिकेत तिचे सुटे भाग सहज मिळतात. तरीही फसगत होते. सुरुवातीच्या आठ सिलिंडरच्या इंजिनांना गिअरबॉक्स पाच बोल्टने जोडलेला होता, तर नंतरच्या इंजिनांना सहा बोल्टने. नाव तेच, पण एकाचे दुसऱ्याला बसत नाही.

आपल्या ॲम्बेसेडरचे मूळ ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डमध्ये आहे. तिचे १४८९ घनसेंटिमीटरचे जुने पेट्रोल इंजिन ‘बी-सिरीज’ घराण्यातले. याच घराण्याचे मोठे इंजिन असलेल्या नंतरच्या ऑक्सफर्डला बोर्ग-वॉर्नर कंपनीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळत असे. एमजीबी या स्पोर्ट्स मोटारीलाही १९६७ पासून १९७३ पर्यंत तो पर्याय होता. परंतु त्यासाठी एमजीबीच्या कारखान्याला गाडीच्या तळातील गिअरबॉक्सवरचा उंचवटा नव्याने आखावा लागला. यातला बोध महत्त्वाचा आहे : ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आकाराने मोठा असतो आणि अनेकदा गाडीचा पत्राच त्याला आडवा येतो. पत्रा एकदा कापला, की गाडी मूळ रूपात राहत नाही.

कायदा काय सांगतो?

पत्रा कापण्याचा हा प्रश्न भारतात केवळ हौशी संग्राहकांच्या नापसंतीपुरता उरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने बेकायदा फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. अपंग व्यक्तींसाठी गाडीत अनुरूप बदल करण्यास कायद्यात वेगळी वाट आहे. मात्र तीही परवानगीनेच.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आले. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल न करता मूळ स्वरूपात राखलेली गाडीच त्यास पात्र ठरते. नव्या गिअरबॉक्ससाठी तळ कापलेला असेल, तर ही पात्रता धोक्यात येऊ शकते. विमा कंपनीला न कळविता केलेला बदल अपघातानंतर भरपाईच्या आड येऊ शकतो, तो वेगळाच.

आधी काय करावे?

क्लच जड लागतो, तो प्रत्येक वेळी गाडीच्या रचनेमुळेच असे नाही. पेडलचे सांधे गंजलेले असतात, जोडण्या झिजलेल्या असतात किंवा कधीतरी चुकीची प्रेशर प्लेट बसविलेली असते. चांगल्या मिस्त्रीकडून हे काम करून घेतल्यास पेडल पुष्कळ हलके होऊ शकते. तेवढ्याने भागले नाही, तर क्लच हाताने किंवा विद्युत मोटारीच्या साह्याने दाबणारी साधने आहेत. त्यांत मूळ गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही.

तरीही ऑटोमॅटिकच हवा असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी आरटीओकडे लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीला कळवावे. कुठलाही पत्रा न कापता, केवळ बोल्टने बसेल असाच गिअरबॉक्स निवडावा. काढलेला गिअरबॉक्स, फ्लायव्हील, शाफ्ट आणि क्लचचे पेडल भंगारात न देता तेल लावून, चिठ्ठ्या बांधून पेटीत जपून ठेवावे. आजच्या मालकाच्या गुडघ्याची सोय झाली पाहिजे, हे खरेच; पण उद्या गाडी ज्याच्या हाती जाईल, त्याला ती पुन्हा मूळ रूपात आणता यावी, एवढी वाट मोकळी ठेवणे हेही तिच्या जपणुकीचेच अंग आहे.