निर्मळ सरोवराच्या काठी

फ्रान्सच्या आग्नेय भागात, आल्प्सच्या कुशीत आन्सी नावाचे सरोवर आहे. जिनिव्हापासून ते दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर आहे. समुद्रसपाटीपासून ४४७ मीटर उंचीवरील या जलाशयाचे क्षेत्रफळ सुमारे २७ चौरस किलोमीटर असून, हिमनद्यांनी कोरलेल्या दरीत तो साकारला आहे.

उत्तर टोकाला आन्सी शहराची गजबज आहे. पूर्व काठाने तालुआर गावाकडे निघाले, की ती मागे पडते आणि झाडांच्या आडोशाला गोट्यांचे चिमुकले किनारे दिसू लागतात. पांढरे-करडे गोटे पाण्याने घासून गुळगुळीत झालेले. अनवाणी चालताना मात्र तळपायांची परीक्षाच! पाठीशी २३५१ मीटर उंचीचे तुर्नेत शिखर आणि समोर भूशिरावर द्वँचा जुना किल्ला. पाणी मागे सरताना गोट्यांतून होणारी मंद खळखळ तेवढी कानी पडते. चित्रकार पॉल सेझान १८९६ मध्ये तालुआरला राहिला होता. त्याने रंगविलेले हे सरोवर आज लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहालयात पाहावयास मिळते.

कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले तरी पायाखालचा गोटा न् गोटा स्पष्ट दिसतो. ही पारदर्शकता केवळ निसर्गाची देणगी असावी, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु तिच्यामागे माणसांचे दीर्घ परिश्रम आहेत आणि त्यांचा आरंभ आपल्याच एका व्यवसायबंधूने केला, हे आपणा डॉक्टरमंडळींना विशेष अभिमानास्पद वाटावे.

विसाव्या शतकाच्या मध्यास काठच्या वस्त्यांचे सांडपाणी थेट सरोवरात मिसळत होते. सांडपाण्यातील फॉस्फरसवर शेवाळ पोसते; ते कुजताना खोल पाण्यातील प्राणवायू संपतो. ऑम्ब्ल शव्हालिए हा थंड पाण्यातील मासा तळाच्या गोट्यांमध्ये अंडी घालतो. गोट्यांमधील फटी गाळाने बुजल्या, की ती अंडी गुदमरतात. आन्सीचे डॉक्टर पॉल-लुई सेर्व्हेता यांनी ही लक्षणे वेळीच ओळखली आणि ते लोकांना सावध करू लागले. आरंभी त्यांच्या म्हणण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. तरी त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर नगराध्यक्ष शार्ल बोसाँ यांची साथ लाभली आणि १९५७ मध्ये काठच्या गावांनी संयुक्त संस्था स्थापन केली.

उपाय सोपा, पण खर्चिक होता. सरोवराभोवती बंदिस्त गटारवाहिनी बांधून सारे सांडपाणी सरोवराच्या उताराकडील शुद्धीकरण केंद्रात न्यायचे. प्रक्रियेनंतरही त्याचा थेंब सरोवरात सोडायचा नाही. १९६० च्या दशकात सुरू झालेले हे काम पुढे अनेक वर्षे चालले. सरोवर हळूहळू सावरले. परिसरातील लोक आज त्याचेच पाणी शुद्ध करून पितात.

जिनिव्हाला वैद्यकीय परिषदेस जाणाऱ्या बंधुभगिनींनी एक दिवस आन्सीसाठी अवश्य राखून ठेवावा. सोबत रबरी पादत्राणे घ्यावीत. उन्हाळ्यात पोहून बाहेर येताच अंग खसखसून पुसावे. कारण बदके आणि गोगलगायी यांच्यात वाढणाऱ्या परोपजीवीच्या अळ्या कातडीत शिरून खाज आणतात. त्या तेथेच मरतात, त्यामुळे भिण्याचे कारण नाही. मग एखाद्या गोट्यावर निवांत बसून पाण्यात पाहावे. रुग्णालयाच्या भिंतींबाहेरही डॉक्टरच्या निरीक्षणाला आणि चिकाटीला केवढे कार्यक्षेत्र आहे, याचा प्रत्यय तेथे येतो.