इंजिन बदलले, पण ‘एबीएस’चा दिवा का विझत नाही?

बुलढाणा जिल्ह्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हे शब्द रोजच्या बोलण्यात रुळलेले आहेत. मलकापूर, नांदुरा, खामगाव घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. या दोन भागांना जोडणाऱ्या राजूर आणि बोथा घाटांतून मालाने भरलेला ट्रक खाली उतरतो, तेव्हा त्याचा सारा भरवसा ब्रेकवर असतो. घाटाखालून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३, म्हणजे पूर्वीचा क्रमांक सहा, जातो. तर घाटावर मेहकर, सिंदखेड राजाच्या बाजूने समृद्धी महामार्ग. लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीचा असा दुहेरी प्रवाह असलेल्या जिल्ह्यात ट्रकचे इंजिन उतरवणे आणि चढवणे हे गॅरेजमधले नेहमीचेच काम.

इंजिन कामातून गेले की मालकासमोर दोन मार्ग असतात. संपूर्ण दुरुस्ती करायची, किंवा दुसरे तयार इंजिन आणून बसवायचे. गाडी उभी राहिली की हप्ते थांबत नाहीत, त्यामुळे दुसरा मार्ग अनेकदा पत्करला जातो. इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू होते, ओढही चांगली मिळते. मात्र चालकासमोरच्या फलकावर ‘एबीएस’ अशी अक्षरे असलेला पिवळा दिवा पेटलेलाच राहतो. ब्रेक दाबले की गाडी थांबते, म्हणून या दिव्याकडे काणाडोळा होतो. काही ठिकाणी तर त्याचा बल्बच काढून टाकला जातो. हा दिवा काय सांगतो आणि इंजिन बदलल्यावर ब्रेकची यंत्रणा का रुसते, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

चाक अडकू नये म्हणून

‘एबीएस’ म्हणजे ब्रेक लावताना चाक जागच्या जागी अडकू न देणारी यंत्रणा. अडकलेले चाक फिरत नाही, घसरते. पुढची चाके अडकली तर स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी वळत नाही. मागची अडकली तर गाडीचा मागचा भाग बाजूला फेकला जातो. ट्रेलर असेल तर तो केबिनच्या दिशेने दुमडतो. हे टाळण्यासाठी चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग सतत मोजतो. एखादे चाक अडकू लागल्याचे दिसताच नियंत्रक, म्हणजे ‘एबीएस’चे मॉड्यूल, त्या चाकाच्या ब्रेक चेंबरमधली हवा क्षणभर सोडतो आणि पुन्हा भरतो. ही क्रिया सेकंदाला अनेक वेळा घडते.

मर्सिडीज-बेंझ आणि वॅब्को यांनी १९८१ मध्ये ट्रकसाठी ही यंत्रणा बाजारात आणली. भारतात २०१५ पासून नव्या अवजड ट्रक व बसगाड्यांना ती सक्तीची झाली. म्हणजे आज ज्या गाड्यांची पहिली इंजिने थकू लागली आहेत, त्यांतील बऱ्याच गाड्यांत ‘एबीएस’ आहे. इंजिन बदलण्याची जुनी रीत आणि ही नवी यंत्रणा यांची गाठ आता पडू लागली आहे.

इंजिनचा ब्रेकशी संबंध काय?

वरवर पाहता काहीच नाही. इंजिन पुढे आणि सेन्सर चाकात. तरीही त्यांच्यात तीन धागे आहेत.

पहिला धागा हवेचा. ब्रेकसाठी लागणारी हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवरच बसवलेला असतो. जुन्या इंजिनासोबत झिजलेला कॉम्प्रेसर आला, तर हवेबरोबर तेलही पुढे जाते. हे तेल एअर ड्रायर आणि टाक्या पार करून ‘एबीएस’च्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते व तेथील रबरी भाग खराब करते.

दुसरा धागा विजेचा. अल्टरनेटर इंजिनवर असतो आणि इंजिनला चेसिसशी जोडणारी अर्थिंगची जाड पट्टीही तिथेच असते. इंजिन उतरवताना ती काढली जाते आणि चढवताना विसरली जाते, किंवा रंगावर व गंजावर तशीच आवळली जाते. मग सेल्फचा प्रचंड प्रवाह परतीसाठी नाजूक तारांची वाट शोधतो आणि सगळ्याच मॉड्यूलचा तोल बिघडतो.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा धागा संवादाचा. आधुनिक ट्रकमध्ये इंजिन, ब्रेक, फलक आणि धुराचे शुद्धीकरण यांची मॉड्यूल एकमेकांत पिळलेल्या दोन तारांवरून परस्परांशी ‘बोलतात’. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगासमोर मांडलेली ही ‘कॅन’ नावाची पद्धत. ट्रकमध्ये ती ‘जे १९३९’ या मानकानुसार वापरली जाते. निसरड्या रस्त्यावर ‘एबीएस’ काम करू लागले, की अनेक गाड्यांत ते याच तारांवरून एक्झॉस्ट ब्रेक वा रिटार्डर सोडण्याची सूचना देते. हा संवाद तुटला, तर ब्रेक सोडूनही इंजिनच्या ओढीने मागची चाके घसरत राहू शकतात. ओल्या घाटात ही गोष्ट साधी नाही.

दिव्याची भाषा

चावी फिरवताच ‘एबीएस’चा दिवा पेटला पाहिजे. तो काही सेकंदांत विझतो. काही गाड्यांत गाडी थोडी पुढे गेल्यावर, सेन्सरचा संकेत मिळताच विझतो. गाडीने वेग घेतल्यावरही तो पेटलेला राहिला, तर यंत्रणेने स्वतःला पूर्णतः वा अंशतः बंद करून घेतले आहे, असे समजावे. साधे ब्रेक तेव्हाही चालतात. पण चावी फिरवल्यावर दिवा मुळीच पेटला नाही, तर ती अधिक चिंतेची बाब होय. बल्ब गेला आहे, तार तुटली आहे, किंवा कोणीतरी तो मुद्दाम बंद केला आहे.

मॉड्यूल आपली तक्रार सांकेतिक क्रमांकाच्या रूपात साठवून ठेवते. तो स्कॅनरने वाचता येतो. काही गाड्यांत दिव्याची उघडझाप मोजूनही कळतो. क्रमांक न वाचताच महागडे मॉड्यूल बदलणे म्हणजे रोग्याची नाडी न पाहता शस्त्रक्रिया करणे. क्रमांक चार प्रकारांत मोडतात: विजेचा दाब, संवाद, चाकाचा सेन्सर आणि हवेचा व्हॉल्व्ह. इंजिन बदलल्यानंतर लगेच दिवा लागला असेल, तर संशयाची सुई आधी पहिल्या दोन प्रकारांकडे वळवावी.

आधी वीज, मग संवाद

तपासणी बॅटरीपासून सुरू होते. बॅटरीचे टर्मिनल, फ्यूज आणि अर्थिंग पाहावे. मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. अर्थिंग चांगले असेल तर काटा अर्ध्या व्होल्टच्या आतच राहतो. तो वर गेला, तर पट्टी सोडवावी, धातू घासून स्वच्छ करावा आणि पुन्हा आवळावी. अनेक मॉड्यूलच्या तक्रारी एकाच वेळी आल्या असतील, तर बहुधा दोष सर्वांत नसतो; सर्वांना जोडणाऱ्या एखाद्या ठिकाणी असतो.

यानंतर संवादाच्या तारा. त्यांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. म्हणून बॅटरी सोडवून या दोन तारांमधला रोध मोजला, तर तो सुमारे ६० ओहम भरला पाहिजे. १२० भरला, तर एक रोधक गायब आहे किंवा मध्येच तार तुटली आहे. ४० च्या आसपास भरला, तर एक रोधक जास्तीचा आला आहे. शून्याजवळ भरला, तर दोन्ही तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत.

इंजिन बदलताना हा हिशेब सहज चुकतो, कारण काही गाड्यांत रोधक इंजिनच्या मॉड्यूलमध्येच असतो. दुसऱ्या मॉडेलचे मॉड्यूल आले, की रोधक एकतर नाहीसा होतो किंवा दुप्पट होतो. शिवाय चिमटलेली तार, अर्धवट बसलेला प्लग, वाकलेली पिन हे नेहमीचे दोषी असतात. इंजिन उतरवण्यापूर्वी प्रत्येक प्लगवर खूण करून छायाचित्र काढून ठेवले, तर पुढचे कित्येक तास वाचतात.

आणखी एक धोका वेल्डिंगचा. नव्या इंजिनचे माउंटिंग जुळवण्यासाठी चेसिसवर वेल्डिंग केले जाते. त्याआधी बॅटरीच्या केबल आणि मॉड्यूलचे प्लग सोडवले नाहीत, तर वेल्डिंगचा प्रवाह मॉड्यूलमधून वाट काढतो आणि ते निकामी होऊ शकते. वेल्डिंगची अर्थ केबलही जोडाच्या अगदी जवळ लावली पाहिजे.

काळी माती आणि चाकाचा सेन्सर

वीज आणि संवाद ठीक असूनही दिवा विझत नसेल, तर चाकांकडे वळावे. हबवर दातेरी कडे असते आणि त्याच्या समोर सेन्सर. जिल्ह्यातील काळी माती पावसात चाकांना चिकटते आणि वाळल्यावर घट्ट बसते. कडे आणि सेन्सर यांच्यातले अंतर वाढले, कडे वाकले किंवा बेअरिंग ढिले झाले, की संकेत क्षीण होतो.

साध्या चुंबकीय सेन्सरचा रोध साधारणपणे एक ते दोन हजार ओहम असतो. गाडीला पाचर लावून, चाक जॅकवर व त्याखाली भक्कम स्टँडवर उचलून, दोन सेकंदांत एक फेरा या गतीने हाताने फिरवले असता प्रत्यावर्ती दाब किमान ०.२ व्होल्ट दिसायला हवा. अनेक गाड्यांत सेन्सर स्प्रिंगच्या पकडीत बसवलेला असतो. तो हाताने कड्याला टेकेपर्यंत आत सारला, की चाक फिरताना योग्य अंतर आपोआप राहते. हातोडीने ठोकणे मात्र टाळावे. चावी फिरवल्यावर व्हॉल्व्ह एकामागोमाग ‘फुस्’ असा आवाज करतात. एखाद्या कोपऱ्यातून आवाज आला नाही, तर त्या व्हॉल्व्हची तार आणि हवा तपासावी.

परक्या गाडीची स्मृती

इंजिनसोबत त्याचे मॉड्यूलही दुसऱ्या गाडीतून आले असेल, तर त्यात त्या गाडीची माहिती भरलेली असते: टायरचा घेर, डिफरन्शियलचे गुणोत्तर, वेगमर्यादा, धुराच्या शुद्धीकरणाची रचना. १ ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या बहुतेक मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा यंत्रणेनेच घातलेली असते. टायरचा घेर चुकीचा नोंदला गेला, की फलकावरचा वेग आणि ही मर्यादा दोन्ही फसवी ठरतात. ही माहिती अधिकृत साधनाने नव्या गाडीप्रमाणे भरून घेणे हाच उपाय.

बीएस-३ काळातील साध्या पंपाचे इंजिन नंतरच्या गाडीत बसवले, तर इंजिनकडून येणारे संदेशच थांबतात आणि ‘एबीएस’ संवाद तुटल्याची तक्रार करते. तो दोष मल्टीमीटरने शोधून सापडणारा नव्हे; निवडच चुकलेली असते.

कागदावरचा बदल

इंजिन बदलणे ही केवळ गॅरेजची बाब नाही. इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे अशा बदलाला नोंदणी प्राधिकरणाची मंजुरी लागते आणि बदल केल्यापासून चौदा दिवसांत तो कळवून प्रमाणपत्रावर नोंद करून घ्यावी लागते. एमएच-२८ क्रमांकाच्या गाड्यांसाठी हे काम बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात होते. नोंद नसेल, तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण उभी राहू शकते. शिवाय मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. पासिंगच्या दिवसापुरता दिवा विझवण्याच्या युक्त्या तेथे चालल्या, तरी घाटात चालत नाहीत.

शेवटची चाचणी

दुरुस्तीनंतर जुने क्रमांक पुसून गाडी मोकळ्या, सपाट जागेत कमी वेगाने चालवून पाहावी. दिवा विझतो का, पुन्हा लागतो का आणि कोणता क्रमांक परत येतो, हे नोंदवावे. ही चाचणी भरलेल्या गाडीने घाटात घेऊ नये.

‘एबीएस’ बंद असलेला ट्रक कोरड्या रस्त्यावर महिनोन्‌महिने बिनतक्रार धावतो, आणि म्हणूनच तो फसवतो. त्याची उणीव पहिल्या पावसात, उतारावर, समोर अचानक दुचाकी आली असतानाच जाणवते. त्या क्षणी रस्त्यावर केवळ ट्रकचालक नसतो. बस, मोटार आणि पायी चालणारेही असतात. बल्ब काढायला दोन मिनिटे लागतात, अर्थिंगची पट्टी घासायला फार तर अर्धा तास. कोणते काम आधी करायचे, हे गाडी गॅरेजमधून बाहेर पडण्यापूर्वीच ठरायला हवे.