शिखर संस्थांना जाब कोण विचारतो?

स्वयंसेवी संस्थांच्या आंतरराष्ट्रीय शिखर संस्थांवरचे लेख जिनिव्हात सुरू होतात आणि बहुधा तिथेच संपतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५च्या सनदेतल्या ७१व्या कलमाने या संस्थांना सल्लामसलतीचे दार उघडले. सल्लागाराचा दर्जा मिळालेल्या संस्थांचा संघ १९४८मध्ये झाला, मदतकार्य करणाऱ्यांची परिषद १९६२मध्ये, तर १९९३मध्ये ‘सिव्हिकस’ ही नागरी संस्थांची जागतिक आघाडी आली. हा इतिहास अनेकांनी लिहून ठेवला आहे. त्यात रेंगाळायचे कारण नाही. सभासद-देशांची संख्या मोजून शिखर संस्थेचे मोठेपण ठरवण्याची रीत मात्र मला कधीच पटलेली नाही. तिला जाब कोण विचारू शकतो, एवढे पाहिले तरी पुरते.

या कसोटीवर मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल’, म्हणजे झोपडपट्टीवासीयांच्या महासंघांचा आंतरराष्ट्रीय संघ. १९९६मध्ये ती दक्षिण आफ्रिकेत स्थापन झाली खरी, पण तिची घडण मुंबईतली. १९७६मध्ये जनता कॉलनी पाडून रहिवाशांना चीता कॅम्पला नेले गेले; त्या लढ्यातून जोकिन अर्पुथम आणि त्यांचा झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ पुढे आला. १९८४मध्ये ‘स्पार्क’ या स्वयंसेवी संस्थेने भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांबरोबर काम सुरू केले. १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर फुटपाथ रिकामे होण्याची धास्ती पसरली, तेव्हा या लोकांनी स्वतःचीच शिरगणती करून दाखवली. पुढे ‘महिला मिलन’ या त्यांच्या संघटनेतल्या बायका रोज दारोदार फिरून बचतीचे पैसे गोळा करू लागल्या. हीच बचत, हीच गणना घेऊन त्या १९९१पासून दक्षिण आफ्रिकेच्या वस्त्यांशी येणे-जाणे करू लागल्या. म्हणजे संघ जन्मण्याआधी पाच वर्षे त्याचे काम चालू होते! सभासद आधी आणि कार्यालय नंतर, हा क्रम जिनिव्हाच्या पठडीत क्वचितच सापडतो.

यावर ठरलेला आक्षेप येतो, की या संघानेही परदेशी प्रतिष्ठानांचे पैसे घेतलेच. घेतले, आणि भरपूर घेतले. पण देणगी आटली म्हणून वस्तीतला बचत गट बंद पडायलाच हवा असे नसते. देणगीवरच उभे असलेले सचिवालय मात्र कुलूप लावते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कायदा, आकडेवारी आणि परिषदांची भाषा फुटपाथवरच्या बाईला कशी झेपणार? तज्ज्ञ लागतातच. नागरी स्वातंत्र्याच्या स्थितीनुसार देशांची पाच गटांत वर्गवारी करण्याचे ‘सिव्हिकस’चे काम कुठल्याही बचत गटाच्या आवाक्यातले नाही, आणि ते उपयोगाचे आहे. पण तज्ज्ञ नेमायचे कोणी आणि काढायचे कोणी? आमचे काही विद्वान हा प्रश्न ‘क्षमताबांधणी’च्या सदरात ढकलून मोकळे होतात.

आजची अवस्था पाहिली की ही हयगय महाग पडल्याचे दिसते. निदान २५ टक्के मदतनिधी शक्य तितक्या थेटपणे स्थानिक संस्थांकडे जाईल, असा शब्द मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी २०१६मध्ये दिला होता. मुदत २०२०ची होती. ती उलटली तरी थेट निधी त्याच्या आसपासही पोचला नाही. त्याच २०२०मध्ये आपल्याकडे परकीय देणगी कायद्यातल्या दुरुस्तीने ती रक्कम दुसऱ्या संस्थेला देण्यावरच बंदी आणली. त्यामुळे मोठ्या संस्थेने पैसा आणून छोट्यांना वाटायचा, ही वाट बंद झाली. सरकारचा हेतू संशयास्पद आहे, बंदी अन्यायाची आहे. पण वाटपाखेरीज सभासदांशी दुसरे नातेच न जोडलेल्या शिखर संस्था त्यानंतर कशाच्या जोरावर उभ्या राहणार होत्या? २०२५मध्ये अमेरिकेने ‘यूएसएड’ ही आपली परदेशी मदतसंस्था गुंडाळली, तेव्हा हाच प्रश्न जगभर उभा राहिला. त्यावर आता नवे देणगीदार शोधण्याची चर्चा जोरात आहे. त्याआधी प्रत्येक शिखर संस्थेने वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर दोनच आकडे छापावेत: एकूण उत्पन्नात सभासदांच्या वर्गणीचा वाटा किती आणि कार्यकारिणीच्या निवडणुकीत किती सभासदांनी मत दिले.