डालेक : चेहरा नसलेला द्वेष

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील खलपात्रांत डालेक या परग्रहवासी जमातीचे स्थान आगळे आहे, कारण तिची दहशत अक्राळविक्राळ रूपातून नव्हे, तर चेहराच काढून घेतल्यामुळे निर्माण झाली. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथा मालिका सुरू झाली, तेव्हा नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनी बटबटीत डोळ्यांचे राक्षस मालिकेत नकोत, असे बजावले होते. तरीही निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट यांनी लेखक टेरी नेशन यांची डालेकांवरील सात भागांची कथा स्वीकारली. २१ डिसेंबरला तिचा पहिला भाग सुमारे ६९ लाख प्रेक्षकांनी पाहिला आणि ती संपेपर्यंत हा आकडा एक कोटीच्या पुढे गेला.

या यशात बीबीसीचे पगारी नेपथ्यकार रेमंड क्युसिक यांचा वाटा मोठा होता. पाय न दिसता जमिनीवरून सरकत जाणारा जीव नेशन यांना हवा होता, म्हणून क्युसिक यांनी खुर्चीवर बसलेल्या माणसाभोवती शंकूसारखे कवच कल्पिले आणि त्याला एक नेत्रदांडा, एक शस्त्र आणि तुंबलेली मोरी उपसण्याच्या रबरी पंपासारखा हात दिला. नटाचा आवाज ‘रिंग मॉड्युलेटर’मधून, म्हणजे दोन ध्वनिलहरींचा गुणाकार करून नवाच कंप निर्माण करणाऱ्या उपकरणातून, नेल्यामुळे शब्द मानवी राहिले, परंतु त्यांतील माया नाहीशी झाली.

कवच यांत्रिक असले तरी डालेक हा यंत्रमानव नव्हे. स्कारो ग्रहावरील अणुयुद्धानंतर विकृत झालेला सजीव त्या धातूच्या आत राहतो आणि आपल्याहून वेगळे ते सारे नष्ट करण्यायोग्यच, असे मानतो. दुसऱ्या महायुद्धाला जेमतेम दोन दशके उलटलेल्या ब्रिटनमध्ये या वंशशुद्धीच्या वेडाचा रोख ओळखणे अवघड नव्हते. १९६४ च्या अखेरीस दाखविलेल्या दुसऱ्या कथेत तर डालेकांनी लंडन व्यापले आणि नाझी सलामीची आठवण व्हावी अशा रीतीने हात उंचावले.

हा वैचारिक धागा १९७५ मधील ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’ या सहा भागांच्या कथेत सर्वाधिक ठळक झाला. तीत नेशन यांनी डालेकांचा निर्माता डॅव्ह्रॉस हा शास्त्रज्ञ उभा केला, ज्याने करुणेला दुर्बलता ठरवून ती आपल्या निर्मितीतून वगळली आणि अखेर त्याच निर्मितीकडून दयेची याचना करण्याची पाळी स्वतःवर ओढवून घेतली. डालेकांचा जन्माआधीच संहार करण्याची संधी हाती आली असता नायक डॉक्टर मात्र थबकतो, कारण एका संपूर्ण जमातीचा उच्छेद केल्यास आपल्यात आणि तिच्यात अंतर उरणार नाही, ही शंका त्याला ग्रासते.

रॉबर्ट शिअरमन यांच्या २००५ मधील ‘डालेक’ या भागाने तीच शंका उलट्या बाजूने मांडली : मानवी स्पर्शातून मिळालेल्या जनुकांमुळे भावना जाणवू लागलेला एकाकी डालेक स्वतःला अशुद्ध समजून आत्मनाश पत्करतो, तर सूडाने पेटलेला डॉक्टर त्याच्यावर शस्त्र रोखून उभा असतो. डालेक सहा दशके टिकून राहिले याचे श्रेय त्यांच्या सामर्थ्यापेक्षा या प्रश्नाला द्यावे लागते. परग्रहावरचा म्हणून दाखविलेला हा शत्रू विसाव्या शतकातील युरोपनेच घडविला होता.