माकड आठवू नका!

एका वैद्यबुवांची गोष्ट तुम्ही कधीतरी ऐकली असेल. रोग्याच्या हातावर पुड्या ठेवून वैद्यबुवा म्हणाले, "औषध रामबाण आहे. पथ्य एकच. पुडी तोंडात टाकताना माकडाची आठवण येता कामा नये. आठवण आली, की गुण गेलाच म्हणून समजा!" बिचारा रोगी घरी गेला. औषध घेताना ज्याला जन्मात कधी माकड आठवले नव्हते, त्याच्यापुढे आता पुडी उघडताच माकडे उड्या मारू लागली. पुड्या तशाच राहिल्या आणि वैद्यबुवांची अब्रूही शाबूत राहिली!

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी खरी. पण तिच्यात मनाचा एक नियम दडलेला आहे. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1987 साली तो प्रयोगाने दाखवून दिला. त्यांच्या प्रयोगात माकडाऐवजी पांढरे अस्वल होते, एवढाच फरक. विद्यार्थ्यांना त्यांनी सांगितले, "पाच मिनिटे मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. तो आलाच, तर समोरची घंटा वाजवा." घंटा पुन्हा पुन्हा वाजत राहिली. पुढे या विद्यार्थ्यांना अस्वलाचा विचार करण्याची मोकळीक दिली. तेव्हा तर, ज्यांना आधी बंदी केलेली नव्हती त्यांच्यापेक्षाही यांच्या मनात अस्वल अधिक वेळा डोकावले.

असे का व्हावे? वेग्नर यांनी सुचवलेले कारण असे: एखादा विचार टाळायचा ठरवले, की मनात दोन कामे एकदम सुरू होतात. एक काम दुसरे काहीतरी विचार शोधण्याचे. दुसरे काम राखणदाराचे. नको असलेला विचार आला नाही ना, हे त्याने पाहत राहायचे. आता चोर ओळखायचा म्हणजे चोराचा चेहरा ध्यानात ठेवायला हवा! राखणदार स्वतःच आत अस्वल बाळगून बसलेला असतो. आपण थकलो किंवा घाबरलो, की पहिले काम ढिले पडते आणि राखणदाराचे अस्वल मोकळे सुटते.

तुमचा अनुभवही असाच असेल. उद्या परीक्षा आहे, आज लवकर झोपलेच पाहिजे, असे जितके बजावावे तितकी झोप दूर पळते. वर्गात उभे राहून वाचताना अडखळायचे नाही असे ठरवले, की जीभ नेमकी तिथेच अडखळते. मग प्रश्न असा, की सरळ रस्त्याने जर काम बिघडते, तर उलट रस्त्याने गेले तर?

घाम गाळण्याची पैज

हा उलटा रस्ता धरणाऱ्यांपैकी एक होते व्हिएन्नाचे डॉक्टर व्हिक्टर फ्रँकल (1905–1997). त्यांच्याकडे एक तरुण डॉक्टर आला. चारचौघांत आपल्याला घाम फुटेल, अशी त्याला भीती वाटे, आणि त्या भीतीनेच त्याला घाम फुटे. फ्रँकल यांनी त्याला सांगितले, "आता कोणी भेटले, की घाम थांबवू नका. उलट मनाशी म्हणा, की आजवर लिटरभरच घाम गाळला, आज चांगला दहा लिटर गाळून दाखवतो!" चार वर्षे छळणारी ती भीती आठवड्याभरात गेली, असे फ्रँकल यांनी नोंदवले आहे.

दुसरा रोगी हिशेबनीस होता. लिहिताना त्याच्या हाताला पेटके येत. अनेक डॉक्टर झाले, गुण येईना. नोकरी जाण्याची वेळ आली. त्याला सांगण्यात आले, की सुवाच्य लिहायचे सोडून दे. कोंबडीच्या पायांसारखे जितके गिचमीड काढता येईल तितके काढ. त्याने मुद्दाम गिचमीड काढायला घेतले, आणि ते काही त्याला जमेना! दोन दिवसांत हात मोकळा झाला.

तिसरी हकीगत तुमच्याच वयाच्या मुलाची आहे. तो फार तोतरे बोले. बारा वर्षांचा असताना तिकीट न काढता ट्रॅममधून जाताना तो पकडला गेला. आता आपले तोतरेपण दाखवावे, म्हणजे कंडक्टरला दया येईल, असे त्याने ठरवले. पण त्या दिवशी प्रयत्न करूनही त्याला तोतरे बोलता आले नाही! आयुष्यात एवढ्या एकाच वेळी त्याची जीभ सुरळीत चालली.

या उपायाला फ्रँकल यांनी जे नाव दिले, त्याला मराठीत आपण 'विपरीत हेतू' म्हणू. भीतीचे एक चक्र असते. लक्षणाची भीती, भीतीमुळे लक्षण, लक्षणामुळे अधिक भीती. ज्या गोष्टीला भ्यायचे तीच हौसेने मागितली, की चक्र मध्येच तुटते. विनोदाचे काम इथेच असते. दहा लिटर घामाच्या कल्पनेने माणूस स्वतःच हसतो. ज्या गोष्टीला आपण हसू शकतो, तिच्यापासून आपण थोडे दूर उभे असतो.

वासराची शेपटी

संमोहनाच्या क्षेत्रात असा उलटा विचार करणारे सर्वांत प्रसिद्ध डॉक्टर म्हणजे अमेरिकेचे मिल्टन एरिक्सन (1901–1980). लहानपणीची एक आठवण ते सांगत असत. थंडीचे दिवस होते. त्यांचे वडील एका वासराला दावे धरून गोठ्यात ओढत होते. वासरू चारही पाय रोवून उभे. मिल्टनला हसू आले. वडील म्हणाले, "एवढे हसतोस, तर तूच ओढून दाखव." मिल्टनने दावे न धरता मागे जाऊन वासराची शेपटी धरली आणि गोठ्याच्या उलट दिशेला ओढली. हट्टी वासराने त्यालाच फरफटत गोठ्यात नेले!

सतराव्या वर्षी एरिक्सन यांना पोलिओ झाला. सारे शरीर लुळे पडले. अंथरुणावर पडल्यापडल्या ते नुकतेच पाऊल टाकू लागलेल्या आपल्या धाकट्या बहिणीचे निरीक्षण करीत. ती तोल कसा सांभाळते, पाऊल कसे उचलते, हे पाहून एकेक हालचाल त्यांनी नव्याने शिकून घेतली आणि ते पुन्हा चालू लागले. पुढे ते मनोविकारतज्ज्ञ झाले. माणसांकडे बारकाईने पाहण्याची ही सवय त्यांना जन्मभर पुरली.

रोग्याचा हट्ट मोडण्याऐवजी ते त्याचाच उपयोग करून घेत. एका इस्पितळात स्वतःला येशू ख्रिस्त समजणारा एक रोगी होता. "तू येशू नाहीस" असे त्याला सर्वांनी सांगून पाहिले होते. एरिक्सन त्याला म्हणाले, "तुम्हाला सुतारकामाचा अनुभव आहे असे ऐकतो." येशू सुताराच्या घरातला, तेव्हा नाही कसे म्हणणार? त्याला लाकडी कपाटे करण्याच्या कामाला लावण्यात आले आणि तो पुन्हा कामात रमला.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. संमोहन म्हणजे झोप नव्हे. हिप्नॉटिझम हा शब्द जेम्स ब्रेड या ब्रिटिश डॉक्टरने ग्रीक भाषेतील निद्रादेवाच्या नावावरून प्रचारात आणला. पण आपण नाव चुकीचे दिले, हे त्याला लवकरच उमगले. 1847 च्या सुमारास 'एकाच कल्पनेवर लक्ष खिळणे' या अर्थाचा नवा शब्द त्याने सुचवला. तोवर जुना रूढ झाला होता. संमोहित माणूस जागाच असतो. त्याचे लक्ष एका जागी एकवटलेले असते आणि त्यामुळे तो सूचना अधिक सहज स्वीकारतो. लोलक, भेदक नजर, काळा झगा हा सारा रंगमंचावरचा थाट. एरिक्सन अनेकदा नुसत्या गप्पा मारता मारता, गोष्ट सांगता सांगता हे साधत.

शिष्यांचे दावे

एरिक्सन यांच्या बोलण्याची मोहिनी पुष्कळांवर पडली. कॅलिफोर्नियात सांताक्रूझ येथे रिचर्ड बँडलर आणि भाषाशास्त्रज्ञ जॉन ग्रिंडर यांनी 1970 नंतरच्या दशकात नामांकित उपचारकांच्या, पुढे एरिक्सन यांच्याही, बोलण्याच्या पद्धतीचा अभ्यास केला. त्यातून त्यांनी 'न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग' नावाची पद्धत उभी केली. नाव भारदस्त! भाषेच्या साहाय्याने मेंदूची घडण बदलता येते, असा तिचा दावा. या पद्धतीचे वर्ग जगभर चालतात, आपल्याकडेही चालतात.

या मंडळींत प्रसार पावलेली एक समजूत अशी, की बोलताना माणसाचे डोळे वर उजवीकडे गेले तर तो खोटे रचतो आहे, आणि वर डावीकडे गेले तर खरे आठवतो आहे. ऐकायला किती सोपे! पण 2012 साली ब्रिटनमधील रिचर्ड वाइझमन आणि सहकाऱ्यांनी हे तपासले. खरे बोलणाऱ्यांच्या आणि खोटे बोलणाऱ्यांच्या डोळ्यांत असा फरक आढळला नाही. ज्यांना ही युक्ती आधी शिकवली, त्यांनाही खोटे अधिक ओळखता आले नाही. तेव्हा कोणी डोळ्यांवरून तुम्हाला खोटारडे ठरवू लागला, तर ही हकीगत त्याला सांगा.

मग एरिक्सन आणि फ्रँकल यांच्या गोष्टींचे काय? त्या सुरस आहेत; पण गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. रोगी काही वेळा आपोआप बरा होतो. कोणी आस्थेने विचारपूस केली, तरी त्याला बरे वाटते. शिवाय फसलेल्या उपायांच्या गोष्टी कोण सांगत बसतो? म्हणून शास्त्रज्ञ तुलना करतात. सारख्या रोग्यांचे गट पाडायचे, एकाला हा उपाय द्यायचा, दुसऱ्याला वेगळा आणि फरक मोजायचा.

विपरीत हेतूची अशी परीक्षा झाली आहे. 1979 साली अमेरिकेत टर्नर आणि अॅशर यांनी निद्रानाशाच्या रोग्यांचे गट केले. एका गटाला सांगितले, "अंथरुणावर पडा, पण झोपू नका, जागेच राहण्याचा प्रयत्न करा." लुटुपुटीचा उपचार मिळालेल्या गटापेक्षा या गटाची झोप अधिक सुधारली. पण स्नायू सैल सोडण्याचा साधा व्यायाम शिकवलेल्या गटालाही गुण आला होता, हेही विसरू नये.

संमोहनाचीही परीक्षा झाली. 1984 साली मँचेस्टरचे डॉक्टर पीटर व्हॉरवेल आणि सहकाऱ्यांनी आतड्यांच्या एका चिवट विकाराचे 30 रोगी निवडले. सतत पोट दुखणे, पोट बिघडणे हा तो विकार. निम्म्यांना संमोहन-उपचार दिला. उरलेल्यांना बोलून केलेला मानसोपचार आणि औषध म्हणून निरुपद्रवी गोळ्या दिल्या. संमोहनाच्या गटाला कितीतरी अधिक आराम पडला. संमोहन जादू नाही, तसेच ते थोतांडही नाही. काही ठिकाणी ते उपयोगी पडते आणि पुष्कळ ठिकाणी पडत नाही.

हसणारा कोण?

आता सावधगिरीचे दोन शब्द. फ्रँकल यांचा रोगी स्वतःच्या घामाला हसला. डॉक्टर त्याला हसले नाहीत. हा फरक फार मोठा आहे. वर्गातल्या तोतऱ्या मुलाला "आणखी तोतरे बोल" असे म्हणणे हा उपचार नव्हे, तो छळ आहे. जो खोल निराशेत बुडाला आहे, जीव नकोसा झाला असे बोलतो, त्याच्यावर विपरीत उपायाचा प्रयोग चुकूनही करू नये. त्याला एकटे न सोडता घरच्यांना, शिक्षकांना सांगावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. मित्राला संमोहित करून पाहण्याचा खेळही नको.

मात्र एक निरुपद्रवी प्रयोग तुम्ही स्वतःवर करू शकता. झोप येत नसेल त्या रात्री दिवा मालवून अंथरुणावर पडा आणि मनाशी म्हणा, "आज मी झोपणारच नाही." पुस्तक नको, गाणी नकोत, नुसते जागे राहायचे. आठ दिवस असे करा. पुढचे आठ दिवस नेहमीप्रमाणे "झोपलेच पाहिजे" म्हणून झोपा. रोज सकाळी झोप लागायला साधारण किती वेळ गेला, ते वहीत लिहा आणि दोन्ही आठवड्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. एकट्याच्या आकड्यांवरून सिद्धांत ठरत नाही. पण सगळ्या वर्गाने मिळून आकडे जमवले, तर बोलण्यासारखे काहीतरी नक्की हाती येईल.

फक्त, प्रयोग चालू असताना माकड आठवू नका!