सुई बदला, शिवण सुधारेल

जुन्नर, घोडेगाव, मंचरच्या घराघरांत शिवणयंत्र चालतं. टाके सुटू लागले की आपण यंत्राला दोष देतो. खरं तर आधी सुई पाहावी.

सुईच्या एका बाजूला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खाच असते. सुई खाली जाताना दोरा त्या खाचेत दडतो. सुई दोनेक मिलिमीटर वर येताच दुसऱ्या बाजूला दोऱ्याचा छोटा फास फुगतो आणि शटलचं टोक तो पकडतं. सुई किंचित वाकली किंवा उलटी बसली, की फास हुकतो आणि टाका सुटतो. म्हणून दोरा ज्या बाजूने ओवतो, तिकडेच लांब खाच ठेवावी.

सुईच्या पाकिटावरच्या ९०/१४ मधला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलिमीटर. तलम कापडाला ७५/११, सुती ब्लाउजला ९०/१४, जीन्सला १००/१६, होजिअरीला गोल टोकाची सुई वापरावी.

नाणेघाट, आहुपे परिसरातल्या दमट पावसाळ्यात सुया गंजतात. त्या कोरड्या, झाकणाच्या डबीत ठेवा. साधारण आठ तास शिवण झाली की सुई बदला. जुनी सुई उघड्यावर टाकू नका. बंद डबीत घालूनच कचऱ्यात द्या.