धनुष्याची निवड

‘शिवधनुष्य पेलणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ आहे. अतिशय अवघड कार्य पार पाडणे, असा त्याचा अर्थ. जनकराजाच्या सभेत जे धनुष्य मोठमोठ्या राजांना हलविताही आले नाही, ते श्रीरामाने सहज उचलले, या कथेवरून तो आला. या कथेत धनुष्य ही पराक्रमाची कसोटी आहे. त्यामुळे जे ओढण्यास सर्वांत कठीण तेच धनुष्य सर्वांत उत्तम, अशी समजूत सहज होते. आधुनिक धनुर्विद्या मात्र याच्या उलट सांगते. धनुष्य धनुर्धराच्या मापाचे असले, तरच बाण लक्ष्याला लागतो.

इ. स. २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील बर्लिन शहरी धनुर्विद्येची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तीत ५ ऑगस्ट रोजी सातारा जिल्ह्यातील अदिती स्वामी हिने स्त्रियांचे आणि नागपूरच्या ओजस देवतळे याने पुरुषांचे वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले. अदितीचे वय त्या वेळी अवघे १७ वर्षांचे होते. ओजसने अंतिम सामन्यात १५ बाण सोडले आणि १५० पैकी १५० गुण मिळविले. दोघांचेही शिक्षण सातारा येथे प्रवीण सावंत यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. दोघांच्या हाती जे धनुष्य होते, त्यास ‘कंपाउंड’ धनुष्य म्हणतात.

हे यश केवढे मोठे आहे, हे अंतर ध्यानात घेतल्याशिवाय कळत नाही. या प्रकारात लक्ष्य ५० मीटर दूर असते. ठाकुर्लीच्या फलाटाशी थांबलेल्या लोकलगाडीचा एक डबा सुमारे २० मीटर लांब असतो. म्हणजे लक्ष्य जवळजवळ अडीच डबे दूर असते, आणि १० गुणांचे वर्तुळ असते अवघ्या ८ सेंटिमीटर व्यासाचे, पाणी पिण्याच्या पेल्याच्या तोंडाएवढे! पंधराही बाण त्या वर्तुळात लागले, तरच १५० गुण मिळतात.

साध्या धनुष्याची दोरी जसजशी मागे ओढावी, तसतसा तिचा ताण वाढत जातो. दोरी पूर्ण ओढली असता, म्हणजे नेम धरण्याच्या वेळीच, हातावर सर्वांत अधिक भार पडतो. ही अडचण अमेरिकेतील हॉलेस विल्बर ॲलन याने दूर केली. त्याला या शोधाचे पेटंट १९६९ साली मिळाले. कंपाउंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाके असतात. त्यांचा आस मध्यभागी नसून एका बाजूस असतो. दोरी ओढताना ही चाके फिरतात. आरंभी जोर पुष्कळ लागतो. परंतु चाके ठरावीक जागी आली, की भार एकदम उतरतो. समजा, दोरी ओढण्यास ५० पौंडांचा जोर लागतो आणि चाकांमुळे ८० टक्के भार कमी होतो. तर नेम धरतेवेळी हातावर केवळ १० पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेचार किलोग्रॅमचा भार राहतो. हात कापत नाही आणि नजर स्थिर राहते.

धनुष्य घेताना पहिला प्रश्न उद्देशाचा असतो. काही देशांत शिकारीसाठी कंपाउंड धनुष्य वापरतात. झाडाझुडपांतून नेण्यास सोयीचे व्हावे, म्हणून ते आखूड व हलके करतात. भारतात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. तेव्हा येथे लक्ष्यवेधासाठी केलेले धनुष्यच घेणे योग्य. ते अधिक लांब व जड असते, त्यामुळे हातात कमी हलते.

दुसरी गोष्ट लांबीची. कंपाउंड धनुष्याची दोरी ठरावीक अंतरापर्यंतच मागे येते, म्हणून हे अंतर धनुर्धराच्या शरीराशी जुळावे लागते. दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधील अंतर मोजावे व त्यास अडीचाने भागावे, म्हणजे अंदाज येतो. ठाकुर्लीतील एखाद्या विद्यार्थ्याचे हे माप १५० सेंटिमीटर भरले, तर त्याला सुमारे ६० सेंटिमीटर, म्हणजे साडेतेवीस इंच ओढीचे धनुष्य लागेल. ओढ अधिक असेल, तर तो मागे झुकतो आणि सुटलेली दोरी हातावर आदळते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी ओढ व ताण कमीजास्त करता येणारे धनुष्य घ्यावे, म्हणजे दरवर्षी नवा खर्च पडत नाही.

तिसरी गोष्ट ताणाची. मोठ्या स्पर्धांतही ६० पौंडांहून अधिक ताणास परवानगी नाही. ताण योग्य आहे की नाही, हे प्रशिक्षकासमोर पाहावे. धनुष्य लक्ष्याच्या दिशेने सरळ धरून, बाण लावून दोरी सावकाश ओढावी, काही क्षण थांबावे आणि बाण न सोडता दोरी तितक्याच सावकाश परत आणावी. ओढण्यासाठी धनुष्य आकाशाकडे उचलावे लागले, तर ते जड आहे असे समजावे. अशा धनुष्याने खांदा कायमचा दुखावू शकतो. बाणावाचून दोरी ओढून सोडणे, हे तर कधीही करू नये. बाणाला मिळावयाची शक्ती धनुष्यातच राहते. त्यामुळे पाती फुटून इजा होऊ शकते.

बाणही धनुष्याला शोभेल असाच हवा. फार हलका बाण धनुष्याला अपाय करतो. शिवाय चुकलेला बाण लक्ष्यापलीकडे शेकडो मीटर जाऊ शकतो. म्हणून ठाकुर्ली-डोंबिवलीसारख्या दाट वस्तीत गच्ची अथवा गल्ली ही सरावाची जागा नव्हे. लक्ष्यामागे भक्कम आडोसा असलेले मैदान आणि जाणता शिक्षक, या दोन्ही गोष्टी आधी पाहाव्यात. धनुष्य मागाहून घ्यावे.

२०२८ साली लॉस एंजेलिस येथे होणाऱ्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंड धनुष्याच्या मिश्र सांघिक स्पर्धेचा प्रथमच समावेश होणार आहे. त्यामुळे पुष्कळ मुलामुलींच्या मनात हे धनुष्य घेण्याची इच्छा उत्पन्न होईल. जड धनुष्य ओढून मित्रांकडून वाहवा मिळविणे सोपे असते. ओढलेली दोरी शांतपणे थोपवून धरणे आणि मन निश्चित नसेल तेव्हा बाण न सोडता ती परत आणणे, हे अवघड असते. ज्या धनुष्याने हे साधते, तेच धनुष्य त्या धनुर्धराला योग्य होय.